जुन्या लॅपटॉपला नवी कारभारीण

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आमच्या कामाचं नाही. विषय आहे संगणकाचा. पण बदल स्टेशन बदलू नका. कारण ही गोष्ट सुरू होते तीन हप्त्यांपासून, आणि हप्ते आपल्या सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ग्रामसंघाची लिपिका बाळंतपणाला माहेरी गेली. जाण्याआधीच्या तीन महिन्यांचा कर्जाचा हिशोब तिने वहीत न लिहिता थेट लॅपटॉपवर टाकला होता आणि पेनड्राइव्हवर ठेवला होता. आमच्यातलीच एक जण तो पेनड्राइव्ह घेऊन प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेली. परत येऊन लॅपटॉपला लावला, तर आत एकही फाइल उघडेना. सगळ्या फोल्डरच्या जागी नुसते बाणाचे शॉर्टकट.

बँकेचे साहेब तीन दिवसांनी येणार होते. आणि एका मावशींनी शेळीसाठी कर्ज काढलं होतं. त्यांनी तीन हप्ते भरले होते, पण पासबुकावर सही राहून गेली होती. वहीत नोंद नाही, पासबुकावर सही नाही, संगणकात फाइल नाही. बैठकीत कुजबुज सुरू झाली, "भरले असते तर दिसले नसते का?" मावशी काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्याला लावून उठून गेल्या.

लॅपटॉप तालुक्याला दुकानात नेला. तो म्हणाला, "डेटा गेला. फॉरमॅट मारावं लागेल, विंडोज नवीन टाकावं लागेल." मागच्या वर्षीही त्याने पैसे घेऊन विंडोज टाकलं होतं. ते कॉपी केलेलं, म्हणजे चोरीचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

आमच्या अध्यक्षताईंचा भाचा आयटीआयला शिकतो. त्याने दुसरा एक पेनड्राइव्ह आणला. लॅपटॉप बंद केला, तो पेनड्राइव्ह लावून पुन्हा सुरू केला. पडद्यावर वेगळंच चित्र आलं, हिरवंसर. आमचा हिशोबाचा पेनड्राइव्ह त्याने शेजारी लावला आणि उघडला. सगळ्या फाइली जागच्या जागी! व्हायरसने त्या खोडल्या नव्हत्या, विंडोजला दिसू नयेत म्हणून नुसत्या लपवल्या होत्या. या दुसऱ्या व्यवस्थेला ती लपवाछपवी लागूच नव्हती. मावशींचे तिन्ही हप्ते तारखेसकट पडद्यावर होते.

ही दुसरी व्यवस्था म्हणजे लिनक्स. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

कारभारीण कोण?

संगणक म्हणजे घर समजा. पडदा, बटणं, डिस्क ही झाली घरातली भांडीकुंडी, चूल, कणगी. पण नुसत्या भांड्यांनी घर चालत नाही. कुठली वस्तू कुठे ठेवायची, कुणाला काय द्यायचं, बाहेरच्याला आत घ्यायचं की नाही, हे बघणारी एक कारभारीण लागते. संगणकातल्या त्या कारभारणीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यातली एक. आपल्याकडे बहुतेक लॅपटॉपमध्ये तीच येते, म्हणून आपल्याला वाटतं संगणक म्हणजेच विंडोज. तसं नाही. कारभारीण बदलता येते, घर तेच राहतं.

लिनक्सचं नाव नवं वाटेल, पण ते तुमच्या हातातच आहे. आपले अँड्रॉइडचे मोबाइल चालतात ना, त्यांचा गाभा लिनक्सच आहे.

याची सुरुवात अशी. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाने ठरवलं, की संगणकाची अशी व्यवस्था तयार करायची जी कुणालाही वापरता येईल, तपासता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि लोकांसाठी खुला केला. तेव्हापासून जगभरातले हजारो लोक त्यात भर घालत आले आहेत.

इथे दोन शब्द नीट समजून घेऊ, मोफत आणि मुक्त. मोफत म्हणजे पैसे नाहीत. मुक्त म्हणजे बंधन नाही. आपल्या आज्जीने राखलेलं गावरान बियाणं आठवा. ते आपण पेरतो, पुढच्या वर्षासाठी राखतो, शेजारणीला ओंजळभर देतो, कुणाची परवानगी लागत नाही. लिनक्स तसं आहे. एका पेनड्राइव्हवरून दहा गटांच्या दहा लॅपटॉपमध्ये टाकलं तरी ती चोरी नाही. विंडोजचं तसं करता येत नाही, तो परवाना विकत घ्यावा लागतो. ते योग्यही आहे, त्यांचा तो धंदा आहे. पण परवाना न घेता कॉपी वापरणं म्हणजे चोरीचा माल. आणि अशा कॉपीत आत काय मिसळलंय, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

आत्ताच हा विषय का?

कारण विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत सुरक्षेचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधार संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही. पण नवा चोर आला की कडी दुरुस्त करायला कंपनी आता येत नाही. काही काळापुरती वाढीव मुदत आहे, ती कायमची नाही. विंडोज ११ घ्यावं, तर त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. आपल्या ग्रामसंघांत, शाळांत पडलेले कितीतरी जुने लॅपटॉप या मापात बसत नाहीत. ते भंगारात घालायचे का? मला वाटतं, आधी त्यांना नवी कारभारीण देऊन बघावी.

इतक्या प्रकारांतून निवडायचं कसं?

लिनक्स घ्यायला गेलं की पहिला गोंधळ इथेच होतो. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन, लुबुंटू... नावंच संपत नाहीत. घाबरू नका. आपण मसाला करतो ना? मिरची तीच. पण कुणी कांदा-लसूण मसाला करतं, कुणी काळा, कुणी गोडा. लिनक्स ही मिरची आहे आणि ही सगळी नावं म्हणजे वेगवेगळ्या हातांचे मसाले. आपल्या स्वयंपाकाला कुठला चालेल, एवढंच बघायचं. त्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, आपलं मशीन किती ताकदीचं? 'धिस पीसी'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडलं की रॅम किती जीबी ते दिसतं. तिथेच ६४-बिट की ३२-बिट तेही लिहिलेलं असतं. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर बराच वाव आहे. २ जीबी असेल तर हलकंच निवडावं लागेल. प्रोसेसरच ३२-बिटचा असेल, तर हे प्रकार त्यावर चालणार नाहीत, त्याच्यावर वेळ घालवू नका.

दुसरा प्रश्न, आपण त्यावर काय काम करतो? याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

तिसरा प्रश्न, अडलं तर विचारायला कोण आहे? हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. गावातला एखादा मुलगा, शाळेतले सर, कॉलेजातली मुलगी जे वापरत असेल, तेच तुम्ही घ्या. कागदावर उत्तम पण गावात कुणालाच ठाऊक नाही, त्यापेक्षा शेजारचीला येतं ते बरं.

चौथा प्रश्न, त्याला आधार किती वर्षांचा? काही प्रकार काही महिन्यांनी बदलावे लागतात. नवशिक्याने दीर्घ आधाराचंच घ्यावं. उबुंटूचं असं रूप दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं आणि त्याला पाच वर्षं सुधारणा मिळतात. नावापुढे 'एलटीएस' ही अक्षरं असतात, ती बघून घ्या.

आता माझं मत. आजवर विंडोज वापरलेल्या आणि पहिल्यांदाच बदलणाऱ्या ताईने लिनक्स मिंट घ्यावं. ते २००६ पासून आहे आणि उबुंटूच्याच दीर्घ आधाराच्या रूपावर उभं आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीचं. त्याची दोन रूपं लक्षात ठेवा. सिनेमन हे देखणं, पण ४ जीबीच्या वर रॅम असेल तर सुखाने चालतं. एक्सएफसीई हे साधं आणि हलकं, जुन्या लॅपटॉपला तेच द्या. मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, ४ जीबी असली तर बरं. याहून हलकं हवं असेल तर लुबुंटू. मशीन नवं आणि तगडं असेल तर उबुंटू घ्यायला हरकत नाही. आपल्या देशातलं हवं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेलं 'बॉस' आहे, त्यात भारतीय भाषांची सोय केलेली आहे.

हे सगळं शहरातल्या हुशार लोकांचं काम, असं वाटत असेल तर केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. शाळेतल्या पोरांना जमतं, तर कर्जाचा हिशोब तोंडपाठ असणाऱ्या आपल्याला का जमणार नाही?

काय चालतं, काय चालत नाही

आधी चालणाऱ्या गोष्टी. इंटरनेट, ई-मेल, सरकारी पोर्टल, यूट्यूब हे सगळं फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये नेहमीसारखंच चालतं. पत्र, ठराव, प्रोसिडिंग लिहायला लिब्रेऑफिस रायटर आणि हिशोबाला लिब्रेऑफिस कॅल्क मिळतं. तेही मोफत, तेही मुक्त. आपल्या एक्सेलच्या फाइली कॅल्कमध्ये उघडतात, बेरजा-व्याजाची सूत्रं बहुतेक तशीच चालतात. वर्डच्या सजवलेल्या फाइलीत कधी ओळ खाली-वर सरकते. बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवलं की तो प्रश्न येत नाही.

मराठी लिहिता येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडायची. इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणीही आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सोयही बसवता येते. मात्र एक अडचण नक्की येईल. आपले जुने ठराव, अर्ज जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील, तर नव्या मशीनवर ते इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखे दिसतात. हा दोष लिनक्सचा नाही. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तसंच दिसतं. महत्त्वाचे कागद युनिकोड मराठीत करून घ्या, मग ते मोबाइलवरही वाचता येतील.

आता न चालणाऱ्या गोष्टी, त्याही स्पष्ट सांगते. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. अंगठा घ्यायची काही यंत्रं आणि डिजिटल सहीची काही टोकन फक्त विंडोज किंवा मोबाइल धरूनच केलेली असतात. बँक सखीचं काम करणाऱ्या ताईने आपलं यंत्र आधी तपासावं, मगच बदलाचा विचार करावा. काही प्रिंटर लावले की लगेच चालतात, काही त्रास देतात. तुमचं मुख्य काम टॅलीवर असेल, तर त्या संगणकाला हात लावू नका. दुसऱ्या, पडून असलेल्या मशीनवर हा प्रयोग करा.

आणि हो, लिनक्स म्हणजे अमरपट्टा नाही. विंडोजसाठी केलेले व्हायरस त्यावर चालत नाहीत, हे खरं. पण फोनवर ओटीपी सांगितला तर पैसे जाणारच, मग संगणकात कुठलीही कारभारीण असो.

पाहुणी म्हणून बोलवा, मग ठरवा

लिनक्सची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की ते न बसवताच वापरून बघता येतं. भाच्याने त्या दिवशी तेच केलं होतं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा, आतल्या डिस्कला हात लावायचा नाही. पाहुणीसारखी दोन दिवस ठेवायची, पटली तर घरात घ्यायची.

त्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यात काही असेल तर ते पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा. मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, म्हणजे लिनक्समिंट डॉट कॉमवरून, फाइल उतरवा. ती साधारण तीन जीबीची असते, तेव्हा चांगलं नेट असेल तिथे बसा. रूफस किंवा बलेना एचर या मोफत साधनाने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीने ठरवलेली कळ दाबा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

पडदा उघडला की घाई करू नका. वायफाय लागतं का बघा. आवाज येतो का, प्रिंट निघते का, कॅमेरा चालतो का, हिशोबाची फाइल उघडते का, मराठी उमटते का. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, डिस्कवर बसवल्यावर वेग वाढतो. यातलं काही अडलं तर लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह काढा. तुमचं जुनं विंडोज जसंच्या तसं परत येईल.

बसवायचं ठरलं तर एक पायरी अशी येते, जिथे मी स्वतः चुकले. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रामसंघाच्या लॅपटॉपचं काम झाल्यावर मला हुरूप आला. घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी एकटीनेच बसवायला घेतलं. तेव्हा दोन पर्याय दिसतात. एक, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा, सगळी डिस्क पुसून बसवा. मी न वाचता दुसरा दाबला. माझ्या लेकीच्या बारशाचे फोटो त्यात होते. दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते. ते गेले. तिच्या पणजीचा मांडीवर बाळ घेतलेला तो एकच फोटो होता.

म्हणून सांगते, आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढा. काढलं म्हणजे झालं असं नाही, तिथून उघडून बघा. मग बसवा. शेजारी बसवायचं असेल तरीही आधी काढाच. आणि पहिल्या वेळी माहीतगार माणूस जवळ बसवा. त्याच्या कष्टाचे पैसे द्या, ते योग्य आहे. पण कुणी लिनक्सची 'किंमत' मागितली, तर त्याला रेडिओवर ऐकलेलं सांगा.

बसवल्यानंतर तीन सवयी लावा. सुधारणा आल्याची खूण खालच्या पट्टीत दिसली की त्या घ्या. पासवर्ड लॅपटॉपवर चिकटवू नका, अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असू द्या. आणि दर बैठकीनंतर हिशोबाची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, तो पेनड्राइव्ह बाहेरच्या दुकानात न्यायचा नाही. प्रिंटसाठी वेगळा ठेवा.

शेवटी मावशींचं

बँकेचे साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही तातडीची बैठक बोलावली. मावशींना आणायला अध्यक्षताई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. लॅपटॉप मध्यभागी ठेवला आणि तीन हप्त्यांच्या तीन तारखा मोठ्याने वाचल्या. ज्या कुजबुजल्या होत्या त्यांनी मान खाली घातली. एकीने उठून मावशींचा हात धरला. मावशी एवढंच म्हणाल्या, "मशीन बोललं म्हणून पटलं. मी बोलले तेव्हा नाही पटलं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. चूक मशीनची नव्हती. पंचसूत्रीतलं नियमित हिशोब लेखन आमच्याकडून सुटलं होतं. म्हणून त्याच बैठकीत आम्ही दोन ठराव केले. एक, जुना लॅपटॉप टाकायचा नाही, त्यावर लिनक्स मिंट बसवायचं. दुसरा, हप्ता घेतला की त्याच बैठकीत वहीत नोंद आणि पासबुकावर सही, संगणक त्यानंतर. कारभारीण कितीही चांगली असली तरी घरच्या बाईने कणगीत डोकावायचं सोडायचं नसतं.

आता मावशी दर महिन्याला हप्ता दिला की लिपिकेच्या शेजारी बसतात. वाचता थोडंच येतं त्यांना, पण स्वतःचं नाव ओळखतात. "दाखव गं माझं," म्हणतात. आणि पडद्यावर नाव दिसल्यावरच उठतात.

तुम्हीही आपापल्या ग्रामसंघात विचारा, कपाटात एखादा जुना लॅपटॉप पडला आहे का? असेल तर पुढच्या बैठकीत बाहेर काढा, रॅम किती ते बघा आणि हे चार प्रश्न विचारा. बाकी पुढच्या भागात बोलू. नमस्कार.